मामांचा नंबर मामांकडेच

मुंबईहून रेल्वेने शंभर किलोमीटर आलं की कर्जत लागतं. इथून पुण्याच्या गाड्या घाट चढू लागतात आणि लोकलचा एक फाटा पळसदरीवरून खोपोलीला जातो. हवा चांगली, मुंबई आणि पुणं दोन्ही हाकेच्या अंतरावर. त्यामुळे कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत फार्महाउसांच्या जोडीने वृद्धाश्रमही उभे राहिले. माझे मामा अशाच एका वृद्धाश्रमात राहतात. वय ८२, रेल्वेतून निवृत्त. मामी गेल्यावर त्यांनी स्वतःच हा निर्णय घेतला. आम्ही भाचरं डोंबिवली, ठाणे, पुणे अशी विखुरलेली. महिन्यातून एखादा रविवार खोपोली लोकल पकडायची, एवढंच जमतं. बाकीचे दिवस फोन.

मागच्या वर्षी मामा म्हणाले, ‘‘मला तो बोटाने सरकवायचा फोन पाहिजे.’’

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? फोन घ्यायचा आणि द्यायचा. पुष्कळ घरांत तसंच होतं. फोन दिला जातो, पण सिमकार्ड मुलाच्या नावावर असतं, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर येतो, पासवर्ड सुनेला पाठ असतो. म्हाताऱ्या माणसाच्या हाती उरते ती फक्त नातवंडांचे फोटो दाखवणारी एक चौकट. याला ऑनलाइन येणं म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. वृद्धाश्रमात जेवणाची वेळ, औषधाची वेळ, दिवे मालवायची वेळ दुसरं कुणीतरी ठरवत असतं. ते अपरिहार्यही आहे. निदान फोन तरी पूर्णपणे त्या माणसाचा असावा.

या भागात पहिलं काम फोन विकत घेण्याचं नाही, रेंज बघण्याचं. डोंगराच्या कुशीत वसलेल्या इमारतीला टॉवर कुठल्या बाजूला आहे यावर सगळं अवलंबून असतं. मी दोन कंपन्यांची सिमकार्डं घेऊन मामांच्या खोलीत, व्हरांड्यात आणि जेवणघरात फिरले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एका कंपनीच्या खिडकीशी चार रेघा, खाटेवर मात्र शून्य. दुसरीच्या दोनच रेघा, पण सगळीकडे. दुसरी घेतली. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रेघा म्हणजे वेग नव्हे. शनिवार-रविवारी फार्महाउसांवर पाहुणे आले की एकाच टॉवरवर गर्दी होते आणि रेघा भरलेल्या दिसत असूनही व्हिडिओ अडखळतो. बहुतेक नातेवाईक रविवारीच येतात, रविवारीच फोन लावून बघतात आणि ‘इथे नेट नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात. एखाद्या मंगळवारी बघा.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. वीज गेली की कार्यालयातला वायफायचा राउटर बंद पडतो, मग बाहेरून येणारी लाइन धडधाकट असली तरी उपयोग नाही. राउटरला जोडायची छोटी बॅटरी मिळते, त्यावर तो काही तास चालतो. आश्रमाच्या व्यवस्थापकांना आम्ही दोन-तीन कुटुंबांनी मिळून ती घेऊन दिली. राउटर चालू असला आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंगची सोय सुरू केलेली असली, की टॉवरची रेंज नसतानाही साधा फोन लागतो. जुलै महिन्यात याचं मोल कळतं.

फोन आला आणि मामांची बोटं पडद्याशी भांडू लागली. यात म्हातारपणाचा विसरभोळेपणा नसतो, साधं विज्ञान असतं. हे पडदे बोटाच्या त्वचेतल्या किंचित विद्युतवहनावर चालतात. वयाप्रमाणे त्वचा कोरडी होते आणि स्पर्श पोचत नाही. माणूस मग जोरात आणि जास्त वेळ दाबतो. जास्त वेळ दाबलं की फोन समजतो, चित्र हलवायचं आहे किंवा पुसायचं आहे! ‘याने माझा व्हॉट्सअॅप गिळला’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं. उपाय दोन. बोट ओल्या फडक्याला टेकवून घ्यायचं किंवा हाताला थोडं क्रीम लावायचं. आणि फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या विभागात ‘स्पर्श करून धरून ठेवण्याचा’ अवधी वाढवून घ्यायचा. तिथेच अक्षरं मोठी करता येतात. भाषा मराठी ठेवली आणि पहिल्या पानावर फक्त चार चित्रं राहू दिली. टाइप करण्याच्या भानगडीत आम्ही पडलोच नाही. २०१७ सालापासून गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिता येतं. मामांचा आवाज गार्डाच्या शिट्टीसारखा खणखणीत, त्यामुळे त्यांचं काम झकास होतं.

पहिला धडा कशाचा द्यायचा? आमच्या घरात सर्वांचं मत व्हिडिओ कॉलच्या बाजूने पडलं. साहजिक आहे, ती आमची गरज होती. मामांना मात्र गाडी कुठे पोचली हे दाखवणारं अॅप हवं होतं. तेच आधी शिकवलं. संध्याकाळी मुंबईहून सुटलेली डेक्कन क्वीन आता कुठवर आली, हे रोज बघता बघता बोट सरकवणं, मागे येणं, मोठं करून पाहणं हे सगळं आपोआप हाताखाली आलं. व्हिडिओ कॉलला मग एक दुपार पुरली.

शिकवताना एक पथ्य पाळलं. फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. मामांनाच त्याची उपमा सुचली. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, कारण पुढे सदतीस मीटरला एक मीटर असा चढ आहे. बँकर मागून ढकलतो आणि लोणावळ्याला सुटतो. ‘‘तू बँकर,’’ मामा म्हणाले, ‘‘पुढचं इंजिन मी.’’ पायऱ्याही त्यांनीच आपल्या अक्षरात कागदावर उतरवल्या. माझ्या शब्दांतला कागद त्यांना परका वाटला असता.

खरा कस लागतो तो पैशांपाशी. पेन्शनधारकाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, ऐंशीच्या पुढे असाल तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. पूर्वी त्यासाठी रिक्षा करून बँकेत जायचं, रांग लावायची. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू केली, पण ती बोटाच्या ठशावर किंवा डोळ्याच्या बुबुळावर चालायची. ठसे झिजलेल्या माणसांची पंचाईत व्हायची. २०२१च्या नोव्हेंबरात चेहरा ओळखून दाखला देण्याची पद्धत आली आणि काम सोपं झालं. दोन अॅप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं आधारच्या चेहरा-ओळखीचं. जवळ हवेत आधार क्रमांक, पीपीओ नंबर आणि बँकेचा खाते क्रमांक. उजेड चेहऱ्यावर पडेल असं खिडकीकडे तोंड करून बसायचं, पाठीमागे साधी भिंत, आणि सांगेल तेव्हा डोळे मिचकावायचे. दाखल्याचा क्रमांक मेसेजने येतो. तो मेसेज कुणाच्या फोनवर येतो, हा माझ्या लेखी कळीचा प्रश्न. मामांचा स्वतःचा नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला आहे याची खात्री आम्ही सगळ्यात आधी करून घेतली होती.

पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही. त्यासाठी वेगळं छोटं खातं उघडलं, त्यात दोन-तीन हजार रुपये असतात. औषधवाला, भेळवाला, वाढदिवसाला नातवाचे पाचशे, एवढा त्याचा संसार. चोरीला गेलं तर तेवढंच जाईल. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे वाक्य मामांनी कागदावर तांबड्या शाईने लिहिलंय. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन् तास डांबून ठेवणारे भामटे तुम्ही ऐकले असतील. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही त्याविषयी सावध केलं होतं. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला की ठेवून द्यायचा, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवायचं. हा क्रमांक मामांना पाठ करावा लागला नाही. डेक्कन क्वीन १९३० सालीच सुरू झाली.

वृद्धाश्रमातल्या मावश्यांना फोन चार्ज करणं आणि आवाज वाढवणं दाखवून ठेवलंय. त्यापलीकडे त्यांना गुंतवू नये. ओटीपी वाचून दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली तर उद्या काही कमी-जास्त झालं की संशय त्या गरीब बाईवर जातो. पडद्याच्या कुलपाचा पिन मामांनी स्वतः ठरवला. तो बंद पाकिटात, मृत्युपत्राच्या फाइलमध्ये आहे. कुलूप न उघडताही दिसेल अशी रक्तगट, औषधं आणि आमचे नंबर ही माहिती फोनवर भरून ठेवता येते, ती जरूर भरा. आणि खोलीत दुसरे आजोबा झोपलेले असतात, तेव्हा इअरफोन द्यायला विसरू नका.

आमच्या कुटुंबाचा एक मोठा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. गेल्या महिन्यात मामा त्यातून बाहेर पडले. कसं बाहेर पडायचं हे त्यांना आमच्यापैकी कुणीही शिकवलं नव्हतं. फोन करून विचारलं, तर म्हणाले, ‘‘रोज चाळीस सुप्रभात कोण वाचणार?’’ त्यांना परत घ्यायचा विषय अजून कुणी काढलेला नाही.