दंतोपचारातील लेसर : आधी वानगी, मग किरण

स्मरणिकेच्या या पानांतून दरवर्षी बाजारभाव, कर आणि मालाची साठवण यांवर चार शब्द लिहिण्याची आमची वहिवाट आहे. यंदा संपादक मंडळाच्या अनुमतीने आम्ही विषय बदलीत आहोत. मल्हारगंजात धान्याची घाऊक पेढी चालविणारा आणि मॅट्रिकपुढे न शिकलेला मनुष्य दातांच्या लेसर उपचाराविषयी लिहू पाहतो, याचे सुज्ञ वाचकांस नवल वाटेल. परंतु या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे. तिची किंमत मात्र आमच्या एका व्यापारी स्नेह्यास मोजावी लागली. तशी पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू होय.

चार वर्षांपूर्वी आमची खालची एक दाढ मोडली. तिच्यावर टोपी बसवावयाची होती, पण हिरडी वाढून दाढेच्या काठावर आली होती. हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी आम्हांस रोज घ्यावी लागते. त्यामुळे हिरडी कापून घेण्याची आमची छाती होईना. दंतवैद्यांनी आमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून, गोळी न थांबविता, लेसरने हे काम केले. प्रारंभी थोडी भूल दिली. केस जळाल्यासारखा वास आला, रक्त नावापुरते आले, टाका घालावा लागला नाही, आणि संध्याकाळी आम्ही पेढीवर हजर होतो. पुढे कित्येक दिवस भेटेल त्याच्यापाशी आम्ही लेसरचे गुणगान करीत असू. चुकीचे मूळ तेथेच आहे. पण ती सांगण्यापूर्वी लेसर म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

दिव्याचा उजेड चहूकडे पसरतो आणि त्यात अनेक रंग मिसळलेले असतात. लेसरचा प्रकाश एकाच जातीचा असतो, एकाच दिशेने जातो आणि टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर एकवटता येतो. असा प्रकाश ज्या तत्त्वावर निर्माण होतो ते आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडले; आणि १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर प्रत्यक्षात आणला. दंतवैद्याकडील लेसरचे किरण म्हणजे क्ष-किरण नव्हेत. त्यांचे काम मुख्यतः उष्णतेने चालते. क्ष-किरणांपासून जी भीती असते ती येथे नाही. येथील भीती निराळी आहे, ती पुढे सांगू.

या शास्त्रात आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. बारामती येथे १९३८ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. तोंडातील मऊ भागांवरील शस्त्रक्रियेत आजही त्याचा उपयोग होतो. खुद्द आपल्या इंदूरच्या सीमेवर, सुखनिवासाच्या परिसरात, १९८४ मध्ये ज्या संस्थेची पायाभरणी झाली आणि जिला सर्व शहर ‘कॅट’ या नावाने ओळखते, ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लेसरच्याच कामासाठी प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रियेस उपयोगी पडणारे कार्बन डायऑक्साइड लेसर तेथे तयार झाले आहेत.

दातांवर लेसरचे प्रयोग मेमन यांच्या शोधानंतर लगोलग सुरू झाले. १९६५ च्या सुमारास लिऑन गोल्डमन या अमेरिकन वैद्यांनी माणकाच्या लेसरचा प्रयोग दंतवैद्य असलेल्या आपल्या बंधूंच्या दातावर केला. परंतु त्या लेसरची उष्णता दातास सोसण्यासारखी नव्हती. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि नसा असलेला जिवंत गाभा असतो. त्याचे तापमान साडेपाच अंशांनी वाढले तरी काही दात मृत होतात, असे त्याच सुमाराच्या प्रयोगांत आढळले. सबब प्रश्न कापण्याच्या शक्तीचा नव्हता. गाभा न तापविता कापावे कसे, हा होता.

त्याचे उत्तर किरणाच्या जातीत सापडले. गहू चाळण्याची चाळणी तिळास चालत नाही, तसेच प्रत्येक लेसर प्रत्येक कामास चालत नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण पाणी तत्काळ शोषून घेते. हिरडी आणि गालाचे अस्तर यांत पाणी पुष्कळ असल्याने तो तेथे उत्तम कापतो. डायोड लेसर रक्तातील लाल द्रव्यात आणि त्वचेच्या रंगद्रव्यात शोषला जातो. म्हणून तो कापता कापता रक्तस्रावही आवरतो. आमच्या हिरडीवर हाच वापरला होता. तिसरा एर्बियम लेसर. याच्या किरणाने दातातील अल्पसे पाणी क्षणार्धात उकळून फुटते आणि दाताचा कण बाहेर उडतो. सोबत पाण्याचा फवारा चालू असल्याने गाभा तापत नाही. किडलेल्या भागात पाणी अधिक असल्याने तो भाग आधी निघतो. दातासारख्या कठीण भागावर हा लेसर वापरण्यास अमेरिकेत १९९७ मध्ये परवानगी मिळाली.

आता उपयोग पाहू. वाढलेली हिरडी छाटणे, जिभेखालची आखूड दोरी मोकळी करणे, लहान गाठी काढणे, या कामांत लेसर खरोखर सोयीचा आहे. एर्बियम लेसरने लहानसहान कीड काढता येते. यंत्राची घरघर आणि कंप नसल्याने भित्र्या मुलांस ते बरे पडते, आणि पुष्कळदा भुलेची सुई टळते. पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे. कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटून निघते, त्या वेदनेवर मंद शक्तीच्या लेसरचा उपयोग मान्य झालेला आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. जुने चांदीचे भरण लेसरने काढू नये. त्यातील पाऱ्याची वाफ होते. टोपीसाठी दात घासावयाचा तर फिरते यंत्रच लागते. हिरड्यांच्या जुनाट रोगात दातांची मुळे नीट साफ करणे हाच मुख्य उपचार. त्यावर लेसरची जोड दिल्याने होणारा जादा लाभ अल्प आहे, असे तज्ज्ञांच्या आढाव्यात दिसून आले आहे. खर्च मात्र अल्प नसतो, हे व्यापाऱ्यांस निराळे सांगणे नको.

सुरक्षिततेचा विचार करता पहिली काळजी डोळ्यांची. धोक्याच्या मानाने लेसरचे वर्ग पाडलेले आहेत. कापणारे दंतलेसर सर्वांत वरच्या, म्हणजे चौथ्या वर्गात येतात. डायोडचा किरण डोळ्याच्या आतील पडद्यापर्यंत पोहोचतो, तर एर्बियम आणि कार्बन डायऑक्साइड यांचा किरण बुबुळावरील पारदर्शक पडदा भाजतो. म्हणून त्या लेसरसाठीच बनविलेला, तरंगलांबी लिहिलेला चष्मा खोलीतील प्रत्येकाने लावला पाहिजे. आमच्या वेळी चिरंजीव सोबत होते. त्यांनाही चष्मा लावल्यावाचून डॉक्टरांनी यंत्र सुरू केले नाही. साधा काळा चष्मा येथे कामाचा नाही. दुसरी काळजी चकाकणाऱ्या हत्यारांची, कारण किरण त्यांवरून उलटतो. तिसरी धुराची. जळालेल्या मांसाचा धूर श्वासात जाऊ नये म्हणून शोषण्याची नळी जवळ हवी आणि डॉक्टरांच्या तोंडावर योग्य मुखपट्टी हवी. चौथी आगीची, स्पिरिट आणि कोरडा कापूस किरणापासून दूर ठेवावा लागतो. आणि पाचवी, सर्वांत मोठी, हाताची. एके जागी किरण अधिक वेळ ठेवल्यास दात, हाड किंवा हिरडी भाजते. लेसर आपणहून निर्दोष नाही आणि आपणहून घातकही नाही. तो ज्याच्या हाती आहे त्याच्या शिक्षणावर सारे अवलंबून आहे.

आता आमची चूक. आमचे हे स्नेही वीस वर्षे गालात सुपारी धरीत. तंबाखूस त्यांनी कधी शिवले नाही, याचा त्यांना अभिमान होता. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते असा निर्णय दिलेला आहे. स्नेह्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा पडला. त्यांनी आम्हांस दाखविला, आणि आम्ही जाणत्याच्या थाटात म्हणालो, “दादा, लेसर करून टाका. रक्त नाही, टाका नाही, संध्याकाळी गादीवर.” आमच्या शब्दावर ते गेले. जेथे गेले तेथे एकाच बैठकीत तो चट्टा किरणाने जाळून दिला. तपासणीसाठी तुकडा कोणी काढला नाही. काढावा असे विचारणे त्यांस सुचले नाही, कारण आम्ही तसे सांगितलेच नव्हते. आठ महिन्यांनी त्याच जागी न भरणारी जखम झाली. या वेळी तुकडा तपासला गेला आणि कर्करोग निघाला. जबड्याचा काही भाग काढावा लागला. पहिल्या चट्ट्यातच तो रोग होता काय, हे आता कोणीही सांगू शकत नाही. कारण जे तपासावयाचे तेच जळून गेले.

आपण व्यापारी आहोत. पोत्यात परखी घालून वानगी काढल्यावाचून, दाणा तळहातावर घेऊन दाताखाली फोडल्यावाचून आपण सौदा करीत नाही. वानगी न पाहता सारा ढीग पेटवून देणाऱ्यास आपण काय म्हणू? तोंडातील चट्ट्याचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, ज्यास बायोप्सी म्हणतात, ती हीच वानगी होय. ती शक्यतो साध्या शस्त्राने घेतलेली बरी; लेसरच्या उष्णतेने तुकड्याच्या कडा करपतात आणि पाहणाऱ्यास निर्णय कठीण होतो. वानगीचा निकाल आल्यावर चट्टा लेसरने काढणे हा मान्य उपचार आहे, मात्र चट्टा पुन्हा येऊ शकतो म्हणून वरचेवर तपासणी हवीच. आपल्या ‘कॅट’च्या शास्त्रज्ञांनी तोंडातील अस्तरावर प्रकाश टाकून परत येणाऱ्या चमकेवरून संशयित जागा ओळखणारे उपकरणही तयार केले आहे. परंतु तेही संशय दाखविते. वानगीची जागा घेत नाही.

सबब व्यापारी बंधूंस आमची विनंती अशी. लेसरच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे. हा लेसर कोणत्या जातीचा आणि माझ्या कामास हाच का? आपण त्याचे शिक्षण घेतले आहे काय? साध्या उपायाने हेच काम होईल काय? आणि जे जाळावयाचे ते आधी तपासले आहे काय? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रुष्ट होत नाही. गालात पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काही आढळल्यास हंगाम संपण्याची वाट पाहू नये. आपल्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तेथे दाखवावे.

आमचे स्नेही आता बरे आहेत. पातळ खिचडी खातात, थोडे बोलतात, दुपारी गादीवर येऊन बसतात. हा लेख त्यांस वाचून दाखविला. नाव न घालता छापण्यास त्यांनी संमती दिली आणि एकच दुरुस्ती सुचविली. आम्ही चट्ट्याविषयीच लिहिले होते. सुपारीची डबी कुलपात ठेवा, हेही लिहा म्हणाले. ते येथे लिहिले आहे.