तिरोड्याचा ट्रान्सफॉर्मर आणि पोलादी बाटली

गोंदियाहून एका वाचक भगिनीने विचारलं आहे: मुलाची शाळेची पोलादी बाटली गेल्या वर्षीपर्यंत बाहेरून कोरडी ठणठणीत असायची. यंदा भाताच्या रोवणीच्या दिवसांत तिला बाहेरून घाम यायला लागला आणि आतलं गार पाणी मधल्या सुट्टीपर्यंत कोमट होऊ लागलं. बाटली पडली नाही, चेपली नाही, गळतही नाही. मग गेलं काय?

गेलं काही नाही, आलं. आत-बाहेरच्या दोन पत्र्यांमधली जी जागा रिकामी असायला हवी, तिथे वायू शिरला. घामाची ही तपासणी पावसाळ्यात झाली हे बरंच झालं. मे महिन्यात विदर्भाची हवा इतकी कोरडी असते की बिघडलेली बाटलीही फारसा घाम न गाळता खपून जाते. जुलैत मात्र लबाडी चालत नाही. गळ्याशी ओलावा दिसला तर काळजी नको, तिथे दोन्ही पत्रे एकमेकांना जोडलेलेच असतात. पोटावर घाम आला तर बाटली संपली. ती घरी दुरुस्त होत नाही.

पण ‘रिकामी जागा’ म्हणजे किती रिकामी, हा या सगळ्यातला सर्वांत मजेदार प्रश्न आहे. निम्मी हवा काढली तर निम्मी उष्णता थांबेल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. ९० टक्के काढली, ९९ टक्के काढली, तरी हवेतून होणाऱ्या वहनात जवळजवळ काहीच फरक पडत नाही! जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६० साली वायूंच्या रेणूंचं गणित मांडलं, त्यातून हे विचित्र उत्तर निघालं. त्याने ते मांडलं होतं वायूच्या चिकटपणाबद्दल, पण तेच तर्कशास्त्र उष्णतेलाही लागू पडतं. स्वतः मॅक्सवेललाही हे पटकन पचलं नाही. म्हणून त्याने लंडनच्या राहत्या घरात उपकरण मांडून मोजमाप केलं. खोलीचं तापमान स्थिर ठेवण्यासाठी शेगडी सांभाळायचं काम त्याची पत्नी कॅथरीन करत असे. पुढे १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ श्टेफानने उष्णतावहन मोजलं. उत्तर तेच.

हे समजून घ्यायला गोंदिया जिल्ह्यात उदाहरण शोधायला नको. मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ काढण्याचं काम चालू आहे. माणसं ओळीने उभी, हातोहात घमेली सरकताहेत. आता निम्मी माणसं घरी पाठवली, पण उरलेल्या प्रत्येकाच्या हातात दुप्पट मोठं घमेलं दिलं, तर काठावर गाळ तेवढाच पडणार. रेणूंचंही असंच. ते निम्मे झाले की एकमेकांना धडकण्याआधी दुप्पट लांबून येतात, आणि दुप्पट लांबून आलेला रेणू तापमानाचा दुप्पट फरक सोबत आणतो. हे किती वेळ चालेल? एक रेणू वाटेत कुणालाही न धडकता बाहेरच्या पत्र्यापासून थेट आतल्या पत्र्यापर्यंत पोचेपर्यंत. तिथे घमेल्याची हद्द संपली, ते याहून मोठं होऊ शकत नाही. त्यानंतर काढलेला प्रत्येक रेणू म्हणजे खरोखर कमी झालेला मजूर.

नेहमीच्या हवेत रेणू साधारण ७० नॅनोमीटर जातो न जातो तोच दुसऱ्याला धडकतो. बाटलीच्या दोन पत्र्यांत अंतर धरा ३ मिलिमीटर. म्हणजे हवा चाळीसेक हजार पटींनी विरळ केली की कुठे फायद्याची नुसती सुरुवात होते. खरा फायदा हवा असेल तर त्याच्याही पुढे शेकडो, हजारो पट जायचं. बाटली ‘हळूहळू’ न बिघडता एखाद्या मोसमात अचानक बिघडल्यासारखी वाटते, त्याचं कारणही हेच. वायू थोडा थोडा शिरत असतोच. आपल्याला कळतं ते घमेल्यांची ओळ पुन्हा लागल्यावर.

या बाटलीचा जनक म्हणून जेम्स ड्यूअरचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. द्रवरूप वायू साठवण्यासाठी १८९२ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दुहेरी काचेचं, मधे निर्वात असलेलं भांडं केलं आणि त्याला चांदीचा मुलामा देऊन प्रारणातून येणारी उष्णताही परतवली. (त्याच्या ११ वर्षं आधी, १८८१ मध्ये, जर्मनीतल्या केम्निट्झच्या अडोल्फ वाइनहोल्डने दुहेरी भिंतीच्या निर्वात काचपात्राचं वर्णन छापलं होतं. त्याचं नाव कोण घेतो?) ड्यूअरने पेटंट घेतलं नाही. राइनहोल्ड बुर्गर या बर्लिनच्या काचकारागिराने घेतलं, १९०४ मध्ये ‘थर्मॉस’ कंपनी निघाली, ड्यूअर कोर्टात गेला आणि हात हलवत परत आला. शोध त्याचा हे मान्य झालं, पैसा मात्र मिळाला नाही.

आपल्याकडची काचेची गोष्ट तळेगाव दाभाड्यात सुरू होते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तिथे काच कारखाना उभा राहिला. जपानला आणि नंतर अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे भट्टी सांभाळत. पुढे उत्तर प्रदेशातल्या बहजोईला त्यांनी स्वतःचा काच कारखाना काढला. आणि त्याच तळेगावातून काही दशकांनी ‘ईगल’ थर्मास निघू लागले: फुलाफुलांचा पत्रा, वर झाकणाचाच कप, आत चांदीसारखी काच. विज्ञानाच्या दृष्टीने काचेचा थर्मास अव्वल आहे. काच उष्णता फारशी वाहत नाही आणि निर्वात वर्षानुवर्षं टिकवते. एकच दोष. धक्का लागला की आतून चुरा खळखळायचा आणि चहा टाकून द्यावा लागायचा.

शाळेच्या पोरांच्या गळ्यात म्हणूनच काच कधी आली नाही. त्यांच्यासाठी आली प्लास्टिकची वॉटरबॅग. १९७२ पासून मुंबईच्या ‘मिल्टन’ने आणि पाठोपाठ ‘सेलो’ने घराघरांत नेलेली इन्सुलेटेड भांडी निर्वातावर नव्हे, तर पॉलियुरेथेनच्या फेसावर चालत. फेस म्हणजे कोंडून ठेवलेले वायूचे बुडबुडे. निर्वाताशी बरोबरी नाही, पण पडलं तरी फुटत नाही आणि स्वस्त पडतं. पोळ्यांचा डबा तेवढ्यावर खूश असतो.

आता पोलादाकडे वळतो, आणि इथे माझा पक्षपात लपवणार नाही.

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत ‘स्टॅन्ली’ नावाच्या पेल्यांनी धुमाकूळ घातला. शंभर वर्षं मजुरांना आणि शिकाऱ्यांना हिरव्या बाटल्या विकणाऱ्या या कंपनीची उलाढाल २०१९ मध्ये सुमारे ७ कोटी डॉलर होती. २०२३ मध्ये ती ७५ कोटींच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका बाईंची मोटार जळाली, आतला पेला शाबूत राहिला आणि त्यात बर्फ खुळखुळत होता, ही चित्रफीत जगभर फिरली. कंपनीने त्यांना नवी मोटार देऊ केली. जाहिरातीवर यापेक्षा चांगला खर्च कुठला! पण या चार वर्षांत निर्वाताचं विज्ञान तसूभरही पुढे गेलं नव्हतं. वाढलं ते मूठ, नळी, रंग आणि मोटारीच्या खाचेत बसणारा तळ. शिवाय नळीसाठी भोक असलेला उंच पेला उष्णता रोखण्यात अरुंद गळ्याच्या जुन्या बाटलीपेक्षा कमीच पडणार. पेला जळला नाही, कारण तो पोलादाचा होता.

या गदारोळात ज्याच्या नावाचा ठसा पेल्यावर आहे, तो विल्यम स्टॅन्ली (१८५८–१९१६) कोण हे विचारायला कुणाला फुरसत नाही. हा मुळात विजेचा माणूस. येल विद्यापीठ अर्ध्यात सोडलं, मशिनगनवाल्या हायरम मॅक्सिमच्या हाताखाली काम केलं, मग उद्योजक वेस्टिंगहाउसकडे गेला. प्रकृती बिघडली म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या गावी परतला आणि मार्च १८८६ मध्ये तिथल्या मुख्य रस्त्यावरची दुकानं त्याने प्रत्यावर्ती विजेवर उजळली. व्होल्टेज चढवायचं, लांब न्यायचं, ट्रान्सफॉर्मरने उतरवून दुकानात द्यायचं. ट्रान्सफॉर्मर त्याचा एकट्याचा नाही. बुडापेस्टच्या तिघांनी १८८५ मध्ये उत्तम नमुना केला होता. पण कारखान्यात भराभर गुंडाळता येईल असा गाभा घडवून गावाचा मुख्य रस्ता त्यावर उजळून दाखवला तो स्टॅन्लीने. आज तिरोड्याच्या औष्णिक केंद्रातली ३,३०० मेगावॉट वीज ७६५ किलोव्होल्टपर्यंत चढून राज्याच्या दुसऱ्या टोकाकडे निघते, ती त्याच युक्तीने.

याच माणसाने १९१३ मध्ये काच पूर्ण वगळून संपूर्ण पोलादाची निर्वात बाटली केली. वाटतं तितकं ते सोपं नाही. पोलाद काचेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहतं, जोडातून सूक्ष्म गळती होते, आणि सगळ्यांत त्रासदायक म्हणजे पोलाद स्वतःच आतून वायू सोडत राहतं. गळती शून्य असली तरी निर्वात आतूनच नासतं. त्यावर आजचा तोडगा असा: बाटली निर्वात भट्टीत कित्येक शे अंशांना तापवायची, पत्र्यातला वायू आधीच काढून घ्यायचा, तळाचं छिद्र तिथेच बंद करायचं, आणि दोन पत्र्यांमधे उरलासुरला वायू गिळणाऱ्या धातूची वडी ठेवून द्यायची. आजची पोलादी निर्वात बाटली बहुधा अशी भट्टीतून जाऊन आलेली असते. स्टॅन्ली पेल्यांच्या तळाच्या सीलमध्ये शिसं असल्याचं जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने कबूल केलं, तो वाद याच छिद्राचा. ते पोलादी टोपीखाली झाकलेलं असतं, पाण्याला लागत नाही. तळाची टोपी निघाली तर मात्र बाटली वापरू नये.

आता ‘२४ तास गार’ या छापील वचनाचं गोंदियात काय होतं ते पाहू. एक लिटरची बाटली, आत २ अंशांचं पाणी, बाहेर मे अखेरच्या नवतप्याचे ४५ अंश. मधे निर्वात आहे पण पत्रे काळे आहेत असं समजा. नुसत्या प्रारणातून सुमारे १५ वॉट आत येतील, म्हणजे दर पाच मिनिटांना एक अंश. पत्रे तांब्याने चकचकीत केले तर हेच अर्ध्या वॉटच्या आत येतं, एक अंश चढायला तीनेक तास. मग उरलेली चोरी कुठून? गळ्यातून. पातळ पत्रा असला तरी माझ्या हिशेबाने तिथून सहज वॉटभर उष्णता खाली उतरते, सगळ्या पोटातून येते तिच्याहून जास्त. तोंड जितकं रुंद तितकी ही वाट रुंद.

आणि वचनाची चाचणी होते साधारण २० अंशांच्या खोलीत. तिथे आत-बाहेर फरक १८ अंशांचा, इथे ४३ अंशांचा. उष्णता २.४ पट वेगाने शिरणार. २४ तासांचे इथे १० तास झाले. कंपनी खोटं बोलत नाही, फक्त मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फडावर येत नाही.

त्या फडावर सालेकसा-देवरीकडे आजही कुणाकडे तुंबा दिसतो, वाळवून पोकळ केलेला भोपळा. जुन्या रेल्वेप्रवाशांना खिडकीबाहेर लटकवलेली छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, आठवेल. छागलीचं तत्त्व निर्वाताच्या बरोबर उलट आहे: उष्णता अडवायची नाही, ओढून बाहेर फेकायची. लिटरभर पाण्यातलं १० ग्रॅम बाष्प होऊन उडालं तर उरलेलं ५–६ अंशांनी उतरतं. जितकी हवा कोरडी तितकं काम जोरात. म्हणून छागल मे महिन्यात जिंकते आणि रोवणीत हरते. पोलादी बाटलीला मात्र हवा कोरडी की दमट हे कळत नाही. पण छागल ४५ अंशांतून पाणी गार करते. बाटली नुसतं गार असलेलं राखते, आणि ही गोष्ट कुठल्याच वेष्टनावर लिहिलेली नसते.

भारतात विकल्या जाणाऱ्या पोलादी निर्वात बाटल्या बऱ्याच काळ चीनहून येत आणि त्यांवर इथला शिक्का बसे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा बाटल्यांना भारतीय मानक सक्तीचं करणारा आदेश काढला, आणि मोठ्या कंपन्यांना निर्वात भट्ट्या देशात उभारणं भाग पडू लागलं. आमच्या वाचक भगिनीला नवी घ्यायची असेल तर तळाशी आयएसआय खूण पाहावी, रंग कुठलाही चालेल, तोंड अरुंद असावं. आणि सकाळी थोडा बर्फ टाकावा: ० अंशांचं लिटरभर पाणी १० अंशांवर यायला ४२ किलोज्यूल पुरतात, पण नुसता २०० ग्रॅम बर्फ वितळायलाच ६७ किलोज्यूल लागतात.