शहराची आगोट

मे महिना अर्ध्यावर आला की कोकणातल्या घराघरांत आगोटीची घाई उडते. लाकूडफाटा पडवीत रचला जातो, सुकी मासळी डब्यांत भरली जाते, कौलं चाळून होतात. चिपळूण शहरालाही स्वतःची आगोट करावी लागते. सरकारी कागदात तिला ‘पावसाळापूर्व कामे’ म्हणतात. गटारं उपसणं, मोऱ्या मोकळ्या करणं, तारांवर आलेल्या फांद्या छाटणं, खड्डे बुजवणं, मोडकळीला आलेल्या इमारतींना नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ खाली नोटिसा देणं ही ती कामं. महाराष्ट्रातली प्रत्येक नगरपरिषद ती करते. चिपळुणात मात्र त्यांत कसूर झाली तर काय होतं, हे शहराने दोनदा पाहिलं आहे: २६ जुलै २००५ च्या आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात.

दुसऱ्या वेळी पहाटेपासून पाणी चढत गेलं आणि बाजारपेठेतल्या दुकानांचे तळमजले बुडाले. एसटी आगाराचे व्यवस्थापक आगारातली सुमारे ९ लाखांची रोकड सांभाळत कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं भिजली, तीही दुसऱ्यांदा. याच संस्थेने २०१३ च्या जानेवारीत ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं होतं.

चिपळूणचं दुखणं समजायचं तर पाण्याचा उतार समजून घ्यावा लागतो. गल्लीतलं गटार वहाळाला मिळतं, वहाळ शिवनदीला, शिवनदी शहरातून वाट काढत वाशिष्ठीला आणि वाशिष्ठी गोवळकोटवरून पुढे दाभोळच्या खाडीला. खाडीची भरती पार शहरापर्यंत जाणवते. उधाणाची भरती आणि घाटमाथ्यावरची मुसळधार एकाच वेळी आली की वाशिष्ठीचं पाणी पुढे सरकत नाही. मग शिवनदीला फुगवटा येतो आणि गटारं उलटी वाहू लागतात. अशा वेळी गल्लीतलं गटार कितीही स्वच्छ असलं तरी त्याचा उपयोग नसतो, कारण पाणी खालून येत असतं.

म्हणून या शहरात सफाई मुखाकडून वर यायला हवी. आधी नदी, मग शिवनदी, मग वहाळ आणि शेवटी गटारं. बहुतेक ठिकाणी मात्र उलटं घडतं. गटारं डोळ्यांसमोर असतात, त्यांच्या तक्रारी येतात, म्हणून ती आधी उपसली जातात. नदीच्या पात्रातला गाळ पाण्याखाली असतो आणि त्याबद्दल तक्रार करायला कुणी येत नाही.

तो गाळ येतो सह्याद्रीतून. कडे कोसळतात, डोंगरउतारावरची झाडं तुटतात, रस्त्यांसाठी टेकड्या कापल्या जातात, आणि पहिल्या पावसातच ती माती, गोटे आणि रेव ओढ्यांतून खाली येऊ लागते. सपाटीवर आल्यावर नदीचा वेग मंदावतो आणि ती हातातलं ओझं तिथेच टाकते. वर्षानुवर्षं असं साचून वाशिष्ठीच्या पात्रात बेटं उभी राहिली, त्यांवर झाडंझुडपं वाढली आणि नदीला जायला अरुंद वाट उरली.

गाळ काढणं अवघड होण्यात कोयना जलविद्युत प्रकल्पाचाही वाटा आहे. पोफळीच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात येतं, अलोरेच्या टप्प्यात पुन्हा वीज देतं आणि शेवटी अवजल म्हणून वाशिष्ठीत उतरतं. पूर्वेकडे वाहून जाणारं हे पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं. त्यामुळे वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती राहते. हे वरदान आहे, पण गाळ काढणाऱ्याला तेच जड जातं. पोकलेन उभा करायला पात्रात आधी मातीगोट्यांची वाट घालावी लागते. काम आटोपल्यावर ती वाट आठवणीने उपसली नाही, तर पावसाळ्यात तीच बांध होऊन बसते.

२०२१ च्या पुरानंतर निळ्या आणि लाल पूररेषांचा प्रश्न पुढे आला. शहराचा मोठा भाग त्या रेषांत येतो आणि तिथल्या बांधकामांवर बंधनं पडतात. आधी नदी मोकळी करा, अशी लोकांची मागणी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चिपळूण बचाव समितीने प्रांत कार्यालयासमोर साखळी उपोषण सुरू केलं. व्यापारी, महिला, वकील आणि डॉक्टर आळीपाळीने मांडवात बसले. गटाराच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या मागणीसाठी मोर्चे निघतात, पण नदीच्या देखभालीसाठी अख्खं शहर उपोषणाला बसल्याची उदाहरणं फार नाहीत. पुढे जलसंपदा विभागाच्या यंत्रांनी पात्रात काम सुरू केलं आणि नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांची ‘नाम फाउंडेशन’ही मदतीला आली. डंपर भरभरून गाळ बाहेर निघाला. लोकांच्या रेट्याने सरकारी काम कसं हलतं, याचं हे उत्तम उदाहरण आहे आणि त्याचं श्रेय चिपळूणकरांना मोकळेपणाने द्यायला हवं.

काढलेल्या गाळाचं पुढे काय होतं, यावर सगळं अवलंबून असतं. काठावर टाकलेला ढीग पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा पात्रात जातो. गल्लीतही हेच चालतं. गटारातून काढलेला ओला गाळ लगेच गाडीत भरला तर रस्ताभर सांडतो, म्हणून तो कडेला सुकत ठेवतात. गाडी वेळेवर आली नाही आणि मधेच वळीव कोसळला, तर दोन दिवसांची मेहनत गटारात परत जाते. गाळ काढणं आणि उचलणं ही खरं तर एकाच कामाची दोन टोकं आहेत. ती वेगवेगळ्या ठेक्यांत गेली की हमखास घोटाळा होतो.

अरुंद बोळात जेसीबी शिरत नाही. तिथे फावडं, घमेलं आणि माणूसच लागतो. प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोल, नारळाची सोडणं, कुणाच्या तरी घराचा राडारोडा, हे सगळं हाताने काढावं लागतं. कुठली मोरी कुठे वळते, कुणी गटारावर स्लॅब टाकून पायरी बांधली, कुठल्या जाळीत दरवर्षी फांद्या अडकतात, हे नकाशात सापडत नाही. ते जुन्या मुकादमाला पाठ असतं. तो निवृत्त झाला की ती माहितीही जाते. नगरपरिषदांनी ती त्याच्याकडून वेळेत लिहून घ्यायला हवी. या माणसांना गमबूट आणि हातमोजे देणं हा उपकार नव्हे, ते त्यांचं हक्काचं देणं आहे.

आता पावसाळ्यात एनडीआरएफचं पथक चिपळुणात तळ ठोकून असतं. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. पाऊस वाढला की हे आकडे मोबाइलवर फिरू लागतात आणि व्यापारी खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवतात. ही सावधगिरी हवीच, पण ती देखभालीची जागा घेऊ शकत नाही. याच तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

गाळ एकदा काढून संपत नाही, कारण डोंगर दरवर्षी नवा गाळ पाठवतो. त्यासाठी पूर येण्याची किंवा उपोषणाची वाट न पाहता दर वर्षाच्या अंदाजपत्रकात ठरलेली तरतूद हवी. पात्राची मोजणी दिवाळीच्या सुमारास, पाणी ओसरल्यावर व्हायला हवी, म्हणजे निविदा डिसेंबरात निघतील आणि यंत्रांना पूर्ण उन्हाळा मिळेल. एप्रिलच्या अखेरीस निघालेला ठेका मेच्या शेवटी कागदावर तेवढा पूर्ण होतो. चिपळूणकरांनी आणि नदीकाठच्या प्रत्येक गावातल्या नागरिकांनी नगरपरिषदेला हा प्रश्न जूनमध्ये नव्हे, नोव्हेंबरमध्ये विचारावा: यंदा पात्र मोजलं का, आणि काढलेला गाळ कुठे टाकणार?