घर पाहावे, पण पाण्याची वाटही पाहावी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या वडीलधाऱ्यांनी कोकणातून सोबत आणली. या देशात मात्र स्वतः घर बांधण्याचा योग थोड्यांनाच आला. १९५० व १९६० च्या दशकांत आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना बेरशेबा, दिमोना, लोद, रामले, अश्दोद अशा गावी 'शिकुन'मधील लहान सदनिका मिळाल्या. त्याच भिंतींत संसार फुलले. आज त्या इमारती जीर्ण झाल्या आहेत आणि त्यांत राहणारे आपले आईवडीलही थकले आहेत.

अशा घरांना आता मोल आले आहे. इस्राएलमध्ये २००८ नंतर घरांच्या किमती दुपटीहून अधिक वाढल्या. २०११ च्या उन्हाळ्यात तेल अवीवच्या रॉथशिल्ड मार्गावर तरुणांनी तंबू ठोकले, ते याच महागाईच्या निषेधार्थ. जून २०२५ मधील इराणी क्षेपणास्त्रांच्या रात्री अनुभवल्यावर घर पाहावयास येणारा प्रथम विचारतो, "ममाद आहे का?" हा प्रश्न योग्यच आहे. परंतु "पावसाचे पाणी कोठे जाते?" असे क्वचितच कोणी विचारतो.

कोकणात हा प्रश्न विचारावा लागत नसे. तेथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. म्हणून घराला उंच जोते, उतरते कौलारू छप्पर आणि अंगणाबाहेर जाणारा पाट असे. येथे किनारपट्टीवर पाऊस सुमारे पाचशे मिलिमीटरच. पण तो हिवाळ्याच्या मोजक्या दिवसांत, कधी काही तासांतच कोसळतो. जमीन डांबराने व काँक्रीटने झाकलेली, मग पाणी जिरणार कोठे? ४ जानेवारी २०२० रोजी तेल अवीव येथे इमारतीच्या तळघरात पाणी शिरले आणि लिफ्टमध्ये अडकलेले एक तरुण जोडपे बुडून मरण पावले. ही हानी कोणत्याही भरपाईने भरून येणारी नव्हे.

दुसरे संकट उष्णतेचे. हवामान खात्याच्या नोंदींनुसार १९५० ते २०१७ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे १.४ अंश सेल्सिअसने वाढले. नेगेवमधील वरच्या मजल्यावर, सपाट गच्चीखाली राहणाऱ्या वृद्धास हा आकडा समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय आपल्या हाती आहेत. घर घेण्यापूर्वी ते एकदा भर पावसात व एकदा भर दुपारी पाहावे. शेजाऱ्यांस मागील हिवाळ्याची हकीकत विचारावी. पहिला पाऊस येण्यापूर्वी 'वाअद बाइत'ने गच्चीवरील नळ्या व तळघरातील पंप तपासून घ्यावेत. गच्चीला पांढरा रंग दिल्यास खालच्या खोल्यांचा ताप कमी होतो. मुसळधार पावसात लिफ्टने तळघरात कदापि उतरू नये.

शेवटची गोष्ट सहीची. अनेक जुन्या वसाहतींत 'पिनुई-बिनुई' योजनेखाली इमारत पाडून नवी उभारण्याचे प्रस्ताव येत आहेत. नव्या घरात ममाद व लिफ्ट मिळेल, हे मोठे सुखच. परंतु तळघर किती खोल, पाण्याचा निचरा कसा, गच्चीला उष्णतारोधक थर आहे का, हेही करारात लिहून घ्यावे. २०१७ च्या कायद्यानुसार सह्या गोळा करणाऱ्या मध्यस्थाने प्रथम रहिवाशांची सभा बोलवावी लागते. ज्येष्ठांना काही पर्याय देण्याचीही तरतूद कायद्यात आहे. तो हक्क भिडेपोटी सोडू नये.

आपले अनेक वृद्ध हिब्रू बोलतात, पण पन्नास पानी करार वाचू शकत नाहीत. म्हणून तरुणांस विनंती, की त्या दिवशी कामावरून रजा घ्यावी, वकिलासमोर आईवडिलांच्या शेजारी बसावे आणि प्रत्येक कलम त्यांना मराठीत समजावून सांगावे. ज्या घराने आपल्याला वाढविले, त्याचे एवढे देणे आपण लागतो.