पट्टी बुवांची, गळा तुमचा

पुरुष असाल तर काळी एक, बाई असाल तर काळी चार नाहीतर पाच. दादर-गिरगावातल्या गाण्याच्या क्लासात पहिल्याच दिवशी गळ्याला असा नंबर चिकटतो आणि मग माणूस तो रेशनकार्डासारखा जन्मभर जपून ठेवतो. समूहात गायला उभं राहिलं की मात्र त्या नंबराला कोणी विचारत नाही. तिथे पट्टी धरणार पेटीवाला. ती आपल्या सोयीची नसते, आणि खरी गंमत त्यातच आहे. एकटे असताना ज्या सुराच्या वाटेलाही गेलो नसतो, तो सूर वीस-पंचवीस जणांच्या आवाजात आपल्याच गळ्यातून निघून जातो. आपल्याला पत्ता लागतो तो नंतर!

मेळे, भजनी मंडळं, कलापथकं, चर्चचे कॉयर. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात हा उद्योग सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. त्यातलंच हे थोडं चटपटीत.

अडतो कुठे?

पेटीच्या एका सप्तकात पांढऱ्या सात आणि काळ्या पाच पट्ट्या, गळ्याचा नंबर येतो तो त्यांवरून. पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. बाईंनी हा सूर लावला की घशातले दोन इवलेसे पडदे सेकंदाला ४४० वेळा एकमेकांना भिडतात आणि सुटतात. वरच्या सप्तकातली पांढरी सहा गाठायची तर ८८०. पुरुषांचे पडदे लांबीला जास्त, बायकांचे कमी. पट्टीतला फरक मुख्यतः तिथून येतो.

आता काळी एकमध्ये गाणारा एखादा गृहस्थ घ्या. तार षड्जापर्यंत स्वारी खुशीत असते. तार गंधार आला की मानेच्या शिरा फुगतात, हनुवटी वर जाते आणि आवाज चिरकतो. बहुतेक पुरुषांचा गळा साधारण त्याच आसपास अडतो. कारण साधं आहे. वरच्या सुराला पडदे ताणले जाऊन पातळ व्हायला हवेत आणि गृहस्थ जोर लावून ते जाडच ठेवतात. जोर काढला की त्याच गळ्यातून आणखी दोन-तीन सूर निघतात. ते कुठून नव्याने आलेले नसतात, अडवून धरलेले असतात. समूहात हा जोर आपोआप सुटतो, कारण सगळा भार आपल्या एकट्यावर आहे ही भावनाच नसते.

आरतीत सगळेच तानसेन

एरवी बाथरूममध्येही न गाणारे काका गणपतीच्या आरतीत टिपेचा सूर कसा लावतात? याचं एक उत्तर फ्रान्समध्ये आहे. १९११ मध्ये एत्येन लोंबार या कानाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याबरोबर पट्टीही थोडी वर सरकते. आता मांडवात टाळ, झांजा, ढोलकी आणि शेजारच्या जोशीकाकूंचा आवाज. स्वतःचं काही ऐकूच येत नाही, त्यामुळे लाजही वाटत नाही. खात्री करायची असेल तर मंत्रपुष्पांजली सुरू होण्याचा क्षण पाहा. झांजा थांबतात, प्रत्येकाला आपला आवाज ऐकू येतो आणि निम्मी मंडळी एकदम हळू होतात. शब्द पाठ नसणं हे दुसरं कारण, पण त्याची वाच्यता नको.

मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत झाला. म्हणजे लोंबारसाहेबांच्या अठरा वर्षं आधीच आमची प्रयोगशाळा उघडलेली होती.

आवाज फुटला, मेळा सुटला

उत्सवाबरोबर मेळे आले. पोरांची टोळी, कवायतीचे हातवारे, एकसुरात पदं. मेळेवाल्यांची कायमची डोकेदुखी म्हणजे वय. तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वरयंत्र वाढतं आणि मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनीच, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. यंदा वरच्या पट्टीत खणखणीत गाणारा पोरगा पुढच्या गणपतीत घोगरा व्हायचा. त्याला मागच्या रांगेत टाकायचे, नाहीतर झेंडा धरायला द्यायचे. त्याच घशात एक खर्जाचा आवाज तयार होतो आहे, तो ऐकायची सवड मेळ्याला नव्हती. उत्सव दहाच दिवसांचा.

एका गल्लीत एकसूर, पुढच्या गल्लीत चौसूर

गिरगावातून मेट्रो सिनेमाकडे चालत गेलात तरी दहा-पंधरा मिनिटांत गाण्याची जात बदलते. धोबीतलावच्या जेर महालात गोव्यातल्या गावागावांचे कूड होते. नोकरीसाठी आलेल्या गोंयकारांची ही राहण्याची ठिकाणं, आणि संध्याकाळी तिथे सामुदायिक प्रार्थना. गोव्याच्या मांडोत एक आवाज चाल घेतो आणि दुसरा त्याच्या खालून समांतर जातो. आपल्याकडे भजनात सगळ्यांनी एकाच सुरात यायचं. जमलं नाही तर ओठ हलवायचे.

मला यातली दुसऱ्या आवाजाची रीत फार शहाणपणाची वाटते. आवाजाचा नवा पल्ला म्हटलं की आपण वरच बघतो. कॉयरमध्ये मात्र निम्म्या लोकांना शोध लागतो तो खालच्या मजल्याचा. वर्षानुवर्षं 'माझा आवाज चढत नाही' म्हणून खंतावलेल्या बाईंना आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, उभं केलं की कळतं, चढण्याची गरजच नव्हती. पुरुषांत जगभर रडगाणं एकच: टेनर, म्हणजे वरच्या आवाजाचे पुरुष, मिळत नाहीत. बहुतेक पुरुष ना धड टेनर, ना धड बास, ते मधल्या माळ्यावर राहतात.

१९५६ साली व्हिक्टर परंज्योती यांनी मुंबईत परंज्योती अकॅडमी कोरस काढला. १९६७ मध्ये त्याची सूत्रं कूमी वाडिया यांच्या हातात आली आणि दशकानुदशकं तिथेच राहिली. कोरस हाकणारी बाई ही तेव्हा देशात नवलाई होती. पाश्चात्त्य रचनांबरोबर भारतीय भाषांतली गाणीही हा कोरस चार आवाजांत गायला. त्याच पन्नासच्या दशकात सलील चौधरींनी बॉम्बे यूथ कॉयर उभा केला.

झील धरा

लालबाग-परळचा खरा कोरस म्हणजे झीलकरी. शाहिराची ओळ संपत आली, त्याचा दम तुटायच्या बेतात आला की मागचे ती ओळ वरच्या पट्टीत उचलतात. शाहीर तेवढ्यात श्वास घेतो, डफावर थाप मारतो आणि पुढच्या कडव्यात शिरतो. कॉयरवाले हीच युक्ती आपापसांत वापरतात. सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, पाळीपाळीने चोरायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा हा दम!

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. श्रोते गिरणी कामगार. साचेखात्यातल्या खडखडाटात आठ-आठ तास काढलेल्या माणसाला हळू बोलणं ठाऊक नसतं, आणि हळू गाणं तर त्याच्या कानातही शिरत नाही. तेव्हा झीलकऱ्यांना वरच राहावं लागे. आवाज कमावण्याची इतकी कडक शाळा दुसरी नसेल. फी नाही, सुट्टी नाही, आणि सूर पडला तर समोर अख्खी पाळी बसलेली.

भजनाच्या डबलबारीतही तेच. दोन बुवा समोरासमोर, रात्र चढलेली. बुवा पट्टी धरतो ती स्वतःच्या गळ्याला शोभेल अशी. मागचा कोरस काळी एकचा की पांढरी पाचचा, त्याचं त्याला काय! गजर चढत जातो, मंडळ मागून ओढलं जातं आणि पहाटे घरी जाताना कोणीतरी विचारतो, "आज तो वरचा सूर मीच लावला ना रे?"

ऑपेरा हाउसजवळची आवाजाची शाळा

पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला काढलेलं गांधर्व महाविद्यालय १९०८ मध्ये मुंबईला आलं. समूहानं गाणं ही त्यांची आवडती गोष्ट. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये ऑपेरा हाउसच्या परिसरात आपली शाळा काढली. देवधर मास्तर पाश्चात्त्य संगीतही शिकले होते. आवाज देवाने दिला तसा वापरायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. तो कसा निर्माण होतो, कुठे बिघडतो, कसा वाढवता येतो, याचा त्यांनी ध्यास घेतला. याच शाळेत कुमार गंधर्व वाढले. पुढे क्षयाने कुमारांचं फुप्फुस खाल्लं तेव्हा लांबलचक दमाऐवजी छोट्या छोट्या श्वासांत मावणारं गाणं त्यांनी घडवलं. गळ्याचा पल्ला मोजताना सूर सगळे मोजतात, श्वास कोणी मोजत नाही.

आणि गंगूबाई हनगल. १९३०च्या दशकातल्या त्यांच्या तबकड्या ऐका. बारीक, उंच, गोड आवाज. मग टॉन्सिल्सच्या उपचारानंतर आवाज उतरला, जाड झाला. दुसरी एखादी गायिका घरी बसली असती. बाईंनी त्या नव्या आवाजात पुढची अनेक दशकं मैफली गाजवल्या, आणि आज गंगूबाई म्हटलं की कानात येतो तो हाच दुसरा आवाज.

राष्ट्रगीताची परीक्षा

आपलं राष्ट्रगीत मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत जातं. एका सप्तकाला एक सूर जास्त. घाम फुटतो तो शेवटच्या जयजयकारात, कारण वरचा सा तिथे येतो. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा पल्ला दीड सप्तकाचा आहे. तिथल्या स्टेडियममध्ये नामवंत गायकही त्यात आपटतात, तेव्हा शाळेच्या मैदानावर आपण चिरकलो तर फार मनाला लावून घेऊ नये. वाढदिवसाच्या इंग्रजी गाण्यातही तिसऱ्या ओळीला पूर्ण एका सप्तकाची उडी आहे, आणि ती आपण केकसमोर तयारीशिवाय मारतो.

हजारो शाळकरी पोरांना एका सुरात गायला लावायचं काम संगीतकार वसंत देसाईंनी 'एक सूर एक ताल' या उपक्रमातून केलं. शाळांच्या प्रार्थनेत हटकून असणारी 'ऐ मालिक तेरे बंदे हम' आणि 'हम को मन की शक्ति देना' ही दोन्ही त्यांचीच. पहिलं १९५७चं, दुसरं १९७१चं.

काळजाचा ठोकाही तालात

स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अठरा वर्षांच्या पंधरा मुलामुलींना एकत्र गायला लावलं आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोक्यांचा वेग सगळ्यांचा बरोबरीने चढत-उतरत होता, कारण श्वास एका लयीत चाललेला. ऑक्सफर्डवाल्यांनी २०१५ मध्ये गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग पडताळून पाहिले. गाणाऱ्यांची गट्टी सगळ्यांत आधी जमली. सात महिन्यांनी बाकीचेही त्यांच्या बरोबरीला आले, पण पहिला चहा गाणाऱ्यांनी पाजला असणार.

फुकटचा सल्ला

नळीतून गुणगुणा. अमेरिकेतले आवाजतज्ज्ञ इंगो टिट्झे यांनी हा व्यायाम लोकप्रिय केला. साध्या स्ट्रॉमधून हुंकारत सूर खालून वर, वरून खाली न्यायचा. पडद्यांवर ताण कमी येतो आणि अडलेली जागा अलगद ओलांडता येते. शहाळं पिऊन झालं की नळी टाकू नका. घसा दुखला तर थांबा. दुखणं म्हणजे साधना नव्हे.

टिम स्टॉर्म्स या अमेरिकन गायकाच्या नावावर दहा सप्तकांचा गिनेस विक्रम आहे. त्याचा सर्वांत खालचा सूर ०.१८९ हर्ट्झचा. माणसाला ऐकू येतं ते वीसच्या पुढे. तेव्हा तो सूर बरोबर लागला की नाही, हे यंत्रच सांगू शकतं. भजनी मंडळात त्याचं कठीण आहे.

नवरा काळी एक, बायको काळी चार

स्त्री-पुरुषांनी एकत्र गायचं तर पट्टी कोणाची, हा जुना तंटा. पं. जसराजांनी 'जसरंगी' या जुगलबंदीत त्याला नामी तोड काढली. मूर्च्छनेच्या आधारे त्याचा मध्यम तो तिचा षड्ज धरायचा. दोघं आपापल्या पट्टीत, दोन वेगळे राग, एकाच वेळी.

ज्यांना एवढं झेपत नाही त्यांनी थोडं थांबावं. पन्नाशीनंतर बायकांचा आवाज हळूहळू खाली येतो आणि म्हातारपणी पुरुषांचा जरा वर सरकतो. ज्येष्ठ नागरिकांच्या भजनी मंडळात पेटीवाल्याला पट्टी ठरवायला तरुणांच्या मंडळापेक्षा कमी भांडावं लागतं ते यामुळे. चहा आधी की भजन आधी, यावर मात्र तिथे अर्धा तास जातो.