मेलेले गवत जागे होते तेव्हा

एप्रिलच्या भर दुपारी सह्याद्रीतल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जा. पाय पोळतात, सावली कुठेच नसते. कातळाच्या फटीतल्या गवताचे पाते चिमटीत धरले तर त्याचा चुरा होतो. हे मेले, असे कोणीही म्हणेल. मग पाऊस येतो आणि काही दिवसांत ते हिरवे होते. नवे कोंब फुटून नव्हे, तर तीच वाळकी पाती पुन्हा जगू लागतात!

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा ६२ प्रजाती नोंदवल्या आहेत. त्यांत गवते आहेत, नेचेही आहेत. अशा वनस्पती पेशींतले नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी गमावूनही तग धरतात.

हे जमते कसे? ज्वारीचा दाणा कणगीत महिनोन्महिने कोरडा राहतो आणि पेरला की उगवतो. त्याच ज्वारीचे रोप तितके वाळले, तर संपलेच. कोरडेपणा सोसण्याची विद्या बहुतेक वनस्पतींच्या मुख्यतः बीजात उरते. कातळावरच्या या वनस्पती ती पानांतही वापरतात. पाणी आटू लागले की पेशींत साखर साठते. ती घट्ट होत काचेसारखी बनते आणि आतली नाजूक रचना जागच्या जागी धरून ठेवते. पाने आक्रसून उन्हाचा मारा कमी करतात. काही जाती तर आपले हरितद्रव्यच मोडून टाकतात आणि पाऊस आला की ते नव्याने घडवतात.

सगळ्यात विलक्षण गोष्ट पुढेच आहे. यांतल्या अनेक वनस्पती झटकन वाळवल्या, तर पाणी मिळूनही उठत नाहीत. सावकाश वाळल्या, तरच आवराआवर करायला त्यांना वेळ मिळतो. पाणी मिळाल्यावरही त्या लगेच वाढीला लागत नाहीत. आधी झालेली मोडतोड दुरुस्त करतात.

म्हणजे पुन्हा हिरवे होण्याची तयारी पावसात नव्हे, वाळतानाच होते. आपण मात्र थकवा आला की तो दडपतो, आजारातून उठलो की दुसऱ्याच दिवशी पूर्वीच्या वेगाने धावू पाहतो. ओहोटीचे दिवस आले, तर कामे एकेक करून आवरा, जे जपायचे ते जपा आणि उभारी आल्यावर आधी डागडुजीला वेळ द्या. थांबणे हा जगण्यातला खंड नाही, ते जगण्याचेच काम आहे.