व्हेल मारायला बांधलेलं जहाज

सी शेफर्ड या संस्थेचं ‘बॉब बार्कर’ ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या विल्यम्सटाउनच्या धक्क्याला लागलं की लोकांना आत जाऊन ते पाहता यायचं. समुद्री जीवांच्या रक्षणासाठी वर्षानुवर्षं दक्षिण महासागरात राबलेलं हे जहाज. पण त्याची खरी गंमत कळते ती जन्मकथा ऐकल्यावर. 1950 साली नॉर्वेत ते बांधलं गेलं ते व्हेलच्या शिकारीसाठी, आणि तेव्हा त्याचं नाव होतं ‘पोल 14’.

विसाव्या शतकात जगभरात जवळपास 29 लाख व्हेल मारले गेले. एवढा संहार करायला कसं जहाज लागत असेल, ते या एका सांगाड्याकडे बघून समजतं. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, उंच, कारण तिथे तोफेतून भाला सोडणारा माणूस उभा राही आणि त्याला दूरवरचं पाणी स्वच्छ दिसायला हवं असे. डोलकाठीवर उंच टांगलेला पिंपासारखा पिंजरा. त्यात बसून टेहळ्या क्षितिजावर व्हेलच्या श्वासाचा फवारा शोधायचा. अंगानं आटोपशीर, कारण पळणारा व्हेल झटकन दिशा बदलतो आणि जहाजालाही तसंच वळावं लागतं. आणि पोलादी अंग असं भक्कम, की बर्फाचे तुकडे आदळले तरी डगमगू नये.

आता हीच यादी उलटी वाचून पाहा. दूरवरचं दिसणं, पाठ न सोडणं, चपळ वळणं, बर्फात टिकणं. शिकाऱ्याला लागतं तेच सगळं राखणदारालाही लागतं! 2009 मध्ये संस्थेनं हे जहाज विकत घेतलं. पैसे दिले अमेरिकन टीव्हीवरचे लोकप्रिय सूत्रसंचालक बॉब बार्कर यांनी, तब्बल 50 लाख डॉलर, म्हणून त्यांचंच नाव जहाजाला मिळालं. 2010 च्या जानेवारीत ते अंटार्क्टिकाच्या पाण्यात उतरलं, ते जपानी व्हेलशिकारी ताफ्याच्या वाटेत आडवं उभं राहायला. व्हेलमारी जहाज व्हेलमाऱ्यांच्याच मागे लागलं.

तरी माझ्या मते त्याची सर्वांत मोठी कामगिरी व्हेलच्या बाबतीतली नाही, एका माशाच्या बाबतीतली आहे.

टूथफिश हा थंड दक्षिण समुद्राच्या तळाशी राहणारा मासा. दोन मीटरहून लांब वाढतो, पन्नास वर्षंही जगतो, सावकाश मोठा होतो. हॉटेलांत तो ‘चिलीयन सी बास’ या नावानं महागात विकला जातो आणि चोरून मासे धरणारे त्याला पांढरं सोनं म्हणतात. तो धरायला बेकायदा बोटी तळाशी गिलनेट, म्हणजे माशाचे कल्ले अडकवणारी जाळी, लावतात. अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्यात ही जाळी लावायला बंदी आहे. कारण साधं आहे: जाळ्याला टूथफिश कोणता आणि खेकडा कोणता, हे कळत नाही. सोडून दिलेलं जाळंही वर्षानुवर्षं मारतच राहतं.

अशा चोरट्या बोटींमधली एक म्हणजे ‘थंडर’. नावं तिनं कपड्यांसारखी बदलली होती: रुबिन, टायफून, कुको. झेंडेही बदलले. इंटरपोलनं 2013 च्या अखेरीस तिच्याविषयी नोटीस काढली होती. 17 डिसेंबर 2014 रोजी अंटार्क्टिकाजवळच्या बँझेर बँक भागात बॉब बार्करला ती सापडली. कप्तान होते स्वीडनचे पीटर हॅमरस्टेड. थंडरनं जाळी तिथेच टाकून पळ काढला आणि पाठलाग सुरू झाला.

मागे राहिलेली जाळी उचलायला आलं संस्थेचं दुसरं जहाज, ‘सॅम सायमन’. त्याचे कप्तान होते भारतीय, सिद्धार्थ चक्रवर्ती. हे जहाजही नव्या भूमिकेत आलेलं. पूर्वी ते जपानच्या हवामान खात्याकडे होतं. डेकवरच्या माणसांनी थंडीत राबून समुद्राच्या पोटातून जाळी ओढायला घेतली, आणि ती संपेचनात. एकूण लांबी भरली 72 किलोमीटर. चर्चगेटहून विरारपर्यंतचा रेल्वेमार्ग 60 किलोमीटरचा. म्हणजे विरारच्या पुढे आणखी बारा किलोमीटर जाळंच जाळं. वर आलेले मासे, खेकडे, सगळ्यांची नोंद ठेवली गेली. हा पुरावा होता, आणि जाळी मॉरिशसमध्ये अधिकाऱ्यांच्या हाती दिली गेली. त्या जाळ्यांच्या धाग्यापासून पुढे आदिदासनं बुटांचा नमुना बनवला.

इकडे थंडरनं बर्फात शिरून पाहिलं. मागचं जहाज तर बर्फासाठीच बांधलेलं! वादळांतूनही पिच्छा सुटला नाही. दक्षिण महासागरातून हिंदी महासागर, मग आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून अटलांटिक. 110 दिवस आणि दहा हजार सागरी मैलांहून जास्त अंतर. याआधीचा गाजलेला पाठलाग 2003 मधला, ऑस्ट्रेलियानं ‘व्हियार्सा’ या बोटीचा केलेला. तो 21 दिवसांचा होता.

इथे एक प्रश्न मनात यायलाच हवा: एवढं जवळ असताना पकडलं का नाही? खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार चालतो तो त्याच्या झेंड्याच्या देशाचा. खासगी संस्थेला कुणाला अटक करता येत नाही. बॉब बार्करच्या हातात एकच गोष्ट होती, नजर हटू न देणं आणि कुठे काय चाललं आहे ते जगाला कळवत राहणं. थंडरला ना धड मासे धरता येत होते, ना माल उतरवता येत होता. पाठलागाच्या काळातच नायजेरियानं आपला झेंडा काढून घेतला आणि ती बोट बेवारस झाली.

6 एप्रिल 2015 रोजी साओ टोमे आणि प्रिन्सिपेच्या पाण्यात थंडर बुडू लागली. 40 माणसं जीवरक्षक तराफ्यांवर उतरली आणि ज्यांनी 110 दिवस पाठ सोडली नव्हती, त्यांनीच त्यांना वाचवलं. बॉब बार्करवरचे तिघं बुडत्या बोटीवर चढले. आत पाहतात तर दारं उघडी बांधून ठेवलेली. पाणी शिरताना जी दारं घट्ट मिटायची, तीच. जमतील तेवढी कागदपत्रं, संगणक आणि पुराव्यासाठी एक टूथफिश घेऊन ते बाहेर पडले. बोट तळाशी गेली, पुरावा वाचला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये साओ टोमेच्या न्यायालयानं कप्तान आणि दोन यंत्र-अधिकाऱ्यांना तुरुंगवास आणि 1.5 कोटी युरोहून जास्त दंड सुनावला.

खासगी संस्थेला कुणाला अटक करता येत नाही, ही कायद्याची अडचण दूर करायचा मार्ग पुढच्याच वर्षी निघाला. 2016 पासून बॉब बार्कर आफ्रिकेतल्या गॅबॉन सरकारसोबत गस्त घालू लागलं. जहाज आणि खलाशी संस्थेचे, पण त्यावर गॅबॉनचे नौसैनिक आणि मत्स्यखात्याचे निरीक्षक. संशयित बोट दिसली की लहान रबरी होड्या पाण्यात उतरतात, निरीक्षक दोरशिडीनं वर चढतात आणि जाळी, नोंदवही, शीतगृह तपासतात. गॅबॉनच्या हद्दीत त्यांना बोट थांबवायचा अधिकार आहे. आता बॉब बार्कर निवृत्त झालं आहे, पण सरकारांसोबत गस्तीची ही पद्धत संस्थेची इतर जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुढे चालवत आहेत.